आपट्याच्या खळ्यावर मुक्काम

करंजाडे

करंजाड्याहून आपट्याला रिक्षा पोहोचते तोवर घरात कुकरचा भात होऊन मुरलेला असतो. एवढ्याशा अंतराचं वर्णन वाचायला कोणी बसेल, अशी अपेक्षा नाही. पण आमचा पहिला मुक्काम तिथं होता आणि तो मुद्दाम तिथं ठेवला होता. जायचं होतं दापोलीला.

माझी पत्नी सुधा हिला कानाच्या आतल्या दोषामुळे चक्कर येते. साधी नव्हे. घर भोवती फिरू लागतं, उलट्या होतात, आणि सपाट आडवं पडून राहण्याखेरीज उपाय उरत नाही. हे सुरू झाल्यापासून तिनं एसटी सोडली, मग मोटार सोडली. दापोलीला तिची थोरली बहीण मंगलताई राहते. ताईचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती इकडे येऊ शकत नाही. दोघी रोज दुपारी फोनवर बोलत. कालवण कशाचं केलं इथपासून सुरुवात होई, आणि 'आता भेट कुठली होतेय' इथं शेवट. हा शेवट मी आतल्या खोलीतून इतक्यांदा ऐकला होता की एखादा दिवस तो आला नाही तर चुकल्यासारखं वाटे.

मोटरहोमची कल्पना त्यातून आली. झटका आला तर जागच्या जागी थांबायचं, पाठीमागे बिछाना तयारच. डॉक्टरांनी परवानगी दिली. सुधानं मात्र अट घातली. "पहिली रात्र जवळच काढायची. ती नीट गेली तर पुढे. नाही गेली तर सकाळी घरी, आणि मग ताईकडे जाण्याचा विषय पुन्हा काढायचा नाही. मला दर वेळी आशा लावून बसणं झेपत नाही."

अडचण अशी की सुधाला तिरका बिछाना चालत नाही. उतारावर झोपल्यानं चक्कर येते, असं काही डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. सुधाचा अनुभव तसा होता. घरच्या पलंगाच्या एका पायाखाली आम्ही घडी घातलेलं वर्तमानपत्र ठेवतो, कारण बिल्डरनं फरशी तेवढी उतरती बसवली आहे. नोकरीची सगळी वर्षं मी वर्तमानपत्रात काढली. त्याचा याहून नेमका उपयोग मला माहीत नाही.

पनवेल

गाडी पनवेलच्या शकीलभाईंची. जुन्या मिनीबसमधली आसनं काढून त्यांनी आत ओटा, बेसिन, कपाट आणि मागं लांबीच्या दिशेनं एक बिछाना बसवला होता. उशी गाडीच्या मागच्या टोकाला. पायांकडची बाजू कपाटाखालच्या पोकळीत शिरलेली. जागा वाचवण्याची ही युक्ती त्यांनी मोठ्या अभिमानानं दाखवली.

ओट्यावर दोन पाणसळी चिकटवलेल्या होत्या. गवंडी वापरतात तशी पाण्याची काचेची नळी, आत बुडबुडा. एक गाडीच्या रुंदीसाठी, एक लांबीसाठी.

"बुडबुडा ज्या बाजूला पळतो ती बाजू उंच," शकीलभाई म्हणाले. "मग दुसऱ्या बाजूच्या चाकांखाली फळ्या. गाडी हळू चढवायची फळीवर. आधी आडवी लेव्हल, मग उभी. उलटं केलं तर दिवसभर करत बसाल. मागं जोडचाकं आहेत, तर फळी दोन्ही चाकांखाली यायला पाहिजे. एकच चाक टेकलं तर टायर गेला."

"आणि जॅक?"

"जॅक पंक्चरसाठी. जॅकवर गाडी उचलून भाभींना आत झोपवाल तर मला हार्टअटॅक येईल." मग सुधाकडे वळून ते म्हणाले, "भाभी, इन्शाल्ला दापोलीचा फोन येऊ दे मला. आपट्याचा नको."

सुधा हसली. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

आपटा, दुपार

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी चांगुणाबाई भाजी विकायला बसतात. त्या आपट्याच्या. सुधा खाली उतरेनाशी झाली तेव्हापासून त्या भाजी वर आणून देत. मुक्काम कुठं करावा यावर आमची चर्चा चाललेली त्यांनी दारातून ऐकली आणि मध्येच म्हणाल्या, "आमच्या वाडीत लावा की. कोन काय बोलनार हाय?"

जानेवारी होता. भात कापून, झोडून झालेलं, शेतात वाल उभा. पाताळगंगेकडे उतरत जाणारी जमीन, बांधावर आंब्याचं मोठं झाड, पलीकडे पेंढ्याची गंजी. गाव स्टेशनापासून फार लांब नाही. मध्ये एकदा रेल्वेचा भोंगा ऐकू आला आणि झाडावरचे बगळे उठून पुन्हा बसले.

आमच्या सोसायटीत पाहुण्याची मोटार आत घ्यायची तर रखवालदार नाव, नंबर, फ्लॅट विचारतो आणि शेवटी बाहेरच लावायला सांगतो. इथं चांगुणाबाईंच्या नवऱ्यानं, पदूभाऊंनी, खांद्यावरच्या टॉवेलनं झाडाखालची जागा दाखवली आणि विचारलं, "सावलीत बरं ना?" नाव त्यांनी जेवताना विचारलं.

गाडी डावीकडे कलली होती. नदी त्या बाजूला. बुडबुडा उजव्या टोकाला जाऊन चिकटला. सुधा झाडाखाली खुर्चीवर बसली आणि आम्ही कामाला लागलो. डाव्या चाकांपुढे फळ्या मांडल्या. मी गाडी चढवायची, पदूभाऊंनी बाहेरून हात दाखवायचा, चांगुणाबाईंनी ओट्यापाशी उभं राहून बुडबुड्याची खबर द्यायची.

"आला, आला… गेला!"

"कुठं गेला?"

"पलीकडं. तुमी लई जोरात घेता, दादा."

"आगं, सायेब गाडी चालवतान, बुडबुडा न्हाय," पदूभाऊ बाहेरून म्हणाले.

एक फळी कमी केली, तेव्हा बुडबुडा मधल्या दोन रेघांमध्ये येऊन थांबला. लांबीकडून फरक किरकोळ होता. पुढच्या चाकांखाली पातळ फळी पुरली. हँडब्रेक, चाकांमागे दगड. मग सुधा आत गेली, आडवी झाली, डोळे मिटले. आम्ही तिघं पायरीशी उभे. शेवटची पाणसळ तीच होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "अगदी ठीक."

चांगुणाबाईंनी टाळी वाजवली. आम्ही जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, वांग्यात घातलेली सुकट, कच्चा कांदा. सुधानं दोन भाकऱ्या खाल्ल्या. घरी ती अर्धीवर थांबते.

आपटा, उतरतं ऊन

पदूभाऊंच्या आई, ज्यांना घरात आणि शेजारीही आये म्हणतात, दुपारची झोप काढून गाडी बघायला आल्या. कमरेत वाकलेल्या, पण पायरी चढल्या. ओट्यावरून हात फिरवला, बेसिनचा नळ सोडून बघितला, बिछान्याची उशी चेपली. मग खिडकीतून उन्हाकडे बघितलं आणि विचारलं, "बाय, तू हितं डोस्कं करनार?"

"हो," सुधा म्हणाली.

"ही तर उत्तर."

मग पदूभाऊ म्हणाले, "आये, गाडीला कसली दिशा? गाडी फिरती हाय."

"गाडी फिरती हाय. बाय तर एके जागी निजनार ना? पाय जमाकडं करून?"

उत्तरेला डोकं, म्हणजे दक्षिणेला पाय. आणि दक्षिण यमाची. प्रेत तसं ठेवतात. हा नियम आमच्याही घरी लहानपणापासून ऐकलेला. त्याला आधार नाही, हे मी शांतपणे सांगितलं. सुधा म्हणाली, "माझाही विश्वास नाही." पण बोलताना ती उठून बसली होती, आणि उशीपासून थोडी दूर.

डोकं दुसऱ्या टोकाला करावं तर तिथं कपाटाखालची पोकळी. त्यात डोकं घालून झोपणं ज्याला चक्कर येत नाही त्यालाही जमणार नाही. शकीलभाईंनी जागा वाचवताना दहा दिशांपैकी नऊ बंद केल्या होत्या, असं नंतर आम्ही त्यांना गमतीनं म्हणालो.

मी सुधाकडे बघितलं. "वळवूया का?"

"अहो, एवढं सगळं करून बसलाय तुम्ही दोघं…"

"झोपशील का अशी?"

तिनं उशी बाजूला सारली. मी चावी घेतली.

चूक सांगायची तर ती कोणा एकाची नव्हती. गाडी लावताना आम्ही उतार बघितला, सावली बघितली, बुडबुडा बघितला. दिशा बघायची, हे मला आणि पदूभाऊंनाही माहीत असून सुचलं नाही. आणि आयेंना ते बघितल्याशिवाय राहवलं नाही.

वळवल्यावर उजवी बाजू नदीकडे आली. हिशेब सोपा वाटला: त्याच फळ्या आता उजवीकडे. पण मागची जोडचाकं नेमकी अशा जागी आली, जिथं सकाळी वालाला पाणी देऊन माती मऊ झाली होती. गाडी चढली आणि फळ्याच खाली गेल्या. पुढे घ्यावी तर आंब्याचा बुंधा. पदूभाऊंनी विटा आणल्या. पहिली वीट चाकाखाली फुटली, दुसरी सरकून उडाली ती थेट वालाच्या वाफ्यात.

"माझा वाल!" चांगुणाबाई ओरडल्या. "विटा पेरता का आता?"

"पीक चांगलं येल. घर बांधू," पदूभाऊ म्हणाले.

सगळे हसले. माझं लक्ष बुडबुड्याकडे होतं. तो मधल्या रेघेच्या जवळ आला होता, मध्ये नव्हता. आता एवढंच जमणार, असं ठरवून सुधाला आत बोलावलं. ती आडवी झाली आणि थोड्याच वेळात तिनं बिछान्याची कड पकडली.

"काय होतंय?"

"उजव्या खांद्याकडे जातेय मी. घसरल्यासारखी." डोळे न उघडता ती म्हणाली, "मला खाली उतरवा."

झटका पूर्ण आला नाही. तिला खुर्चीवर बसवलं, चांगुणाबाईंनी पाठीवर हात ठेवला, थोड्या वेळानं चेहऱ्याचा रंग परतला. पण ऊन उतरत चाललं होतं. अंधारात गाडी मऊ मातीतून काढणं मला मान्य नव्हतं. मी म्हणालो, "उजेड आहे तोवर घरी जाऊ."

सुधा म्हणाली, "बरं." मग पदर सावरून तिनं मांडीवरच्या चादरीची घडी घालायला सुरुवात केली. कोपऱ्याला कोपरा जुळवून, फार सावकाश. दापोलीचं नाव तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही.

आये गंजीला टेकून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पदू, खळ्यावर घे."

खळं गंजीच्या बाजूलाच होतं. भात झोडण्यासाठी दरसाल करतात ते: माती खणून, भिजवून, चोपून घट्ट केलेली गोल जमीन, वर शेणाचा सारवा. हंगाम संपला होता तरी ते झाडून ठेवलेलं होतं. त्या सगळ्या शेतात तेवढाच भाग सपाट होता आणि दुपारपासून तो आमच्यासमोर होता. मी त्याचा विचार केला नव्हता, कारण तिथं कडेला काढून ठेवलेल्या चपला मी बघितल्या होत्या. पदूभाऊंनीही केला नव्हता, त्याचंही कारण तेच.

"आये!" ते म्हणाले. "मी चपला घालून गेलो तर तू शिव्या देते. आन ही गाडी? सगली वाट चिखल तुडवत आलेली?"

"मंग पाय धू तिचे."

"कोनाचे?"

"गाडीचे. बायचे न्हाय."

चांगुणाबाई आधीच बादली घ्यायला गेल्या होत्या. नदीचं पाणी आणलं. पदूभाऊंनी चारही बाजूंची चाकं धुतली, जोडचाकांच्या मधल्या फटीत अडकलेली माती काठीनं काढली. शेजारच्या बांधावरून दोन बाया बघत होत्या. त्यांतली एक ओरडली, "काय गो चांगुने, नवरदेव उतरला का?"

"उतरला! पाय धुतो हाव, आता टिला लावतो!"

"हुंडा काय घेतला?"

"एक फुटकी वीट!"

ओल्या चाकांनी गाडी खळ्यावर चढली. वळवायला जागा होती. आयेंनी काठी उगवतीकडे धरली आणि मी गाडीचं मागचं टोक त्या दिशेला आणलं. डोकं पूर्वेला. पाणसळ बघितली. खळ्याला एका बाजूला अगदी थोडा उतार होता, पावसाचं पाणी साचू नये म्हणून ठेवलेला. एक पातळ फळी पुरली. लांबीकडून काही करावं लागलं नाही.

सुधा आत गेली. आम्ही पायरीशी उभे राहिलो. या वेळी कोणी विनोद केला नाही.

"अहो," ती आतून म्हणाली, "चादर द्या. घडी मोडा ती."

त्या संध्याकाळी पोपटी लागली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे. तोंड पाल्यानं बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आम्ही करंजाड्यात पोपटी खातो ती विकत आणून, कागदात. इथं राखेतून मडकं काढल्यावर आये पहिली शेंग कोणाला देतात याकडे घरातल्यांचं लक्ष होतं. ती सुधाला मिळाली. शेंगांना पाल्याचा किंचित कडवट वास होता. आम्ही खळ्याच्या कडेला चपला काढून बसलो होतो; गाडी मध्ये उभी, स्वच्छ पायांची.

रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही घडलं नाही. त्या रात्रीची बातमी तीच.

आपटा, सकाळ

उठलो तेव्हा बिछाना रिकामा होता. सुधा एकटीच पायरी उतरून बाहेर गेली होती. आयेंच्या शेजारी बसून चहा पीत होती. आये तिला विचारत होत्या, "फिरलं का डोस्कं?"

"नाही."

"मंग हितं काय करते? भैनीकडं जा."

निघायच्या वेळी गाडी खळ्यावरून उतरवली, तेव्हा चाकांखालचा सारवा दोन्ही बाजूंना तडकलेला दिसला. जोडचाकांच्या जागी पोपडे निघाले होते. मी ते दाखवून काही बोलायला गेलो. चांगुणाबाई शेणाची पाटी घेऊन आधीच तिथं बसल्या होत्या.

"दादा, खळं दरसाल फुटतं, दरसाल करतो. तुमची बायको दरसाल थोडीच येनार हाय?" मग मान वर न करता म्हणाल्या, "सोमवारी मी फाटकावर नाय बसनार. तुमी नसाल तर वर कोनाला भाजी देऊ?"

सुधाला वाकता येत नाही. ती खळ्याच्या कडेला अनवाणी उभी राहून सारवण बघत होती. एका ठिकाणी बोट दाखवून म्हणाली, "तिथं राहिलंय." चांगुणाबाईंनी तिथं हात फिरवला.

आभार मानण्याची पद्धत त्या घरात नव्हती. मी मानायला गेलो तेव्हा पदूभाऊंनी विषय बदलला आणि महामार्गावर कुठं खड्डे आहेत ते सांगितलं. त्यामुळे ते आभार इथं लिहितो. एका कुटुंबानं आपली सर्वांत जपलेली जमीन एका रात्रीसाठी आमच्या चाकांखाली दिली, आणि ते करताना आपला नियमही मोडला नाही. नियमासकट आम्हाला आत घेतलं.

दापोली

माणगावाजवळच्या मुक्कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका ढाब्यामागची फरसबंद जागा, डाव्या बाजूला दोन फळ्या. गाडी लावण्याआधी सुधानंच सूर्य बघून मला दिशा सांगितली. या वेळी मी नियमाच्या आधाराविषयी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी वळणांच्या रस्त्यावर तिला एकदा मळमळलं. गाडी कडेला घेतली. उतार मोठा होता, मी फळ्या काढायला उठलो तर ती म्हणाली, "राहू द्या. नुसतं थांबा जरा." पाठ टेकून, डोळे मिटून ती बसून राहिली. मग म्हणाली, "चला."

मंगलताईचं घर टेकडीच्या अंगाला आहे. ओटीपासून फाटकापर्यंत सगळं आवार उतरतं, मध्ये सुपारीची झाडं. मी गाडी आत घेतली, हँडब्रेक लावला, चाकांमागे दगड ठेवले आणि पाणसळ बघितली. बुडबुडा टोकाला. सगळ्या फळ्या एकावर एक रचल्या तरी पुरल्या नसत्या. दुसरी जागा नव्हती. मी मागं वळून हे सांगणार होतो.

सुधा उतरली होती. ताई ओटीच्या खांबाला धरून उभी होती. गुडघ्यांमुळे तिला पायऱ्या उतरता येईनात आणि थांबवतही नव्हतं. एक पाय खाली, एक वर, अशी अडकली होती.

"थांब गं तिथंच! पडशील!" सुधा म्हणाली आणि उतारावरून, सुपारीच्या झाडांना हात लावत, वर चालत गेली.

"तू पडशील!" ताई ओरडत होती. "अगं, चक्कर येईल तुला! सावकाश!"

शकीलभाईंना मी दापोलीचा फोन केला. गाडी नीट लागली का, त्यांनी विचारलं. नाही, मी म्हणालो. आमच्या तिथल्या सगळ्या मुक्कामात ती तशीच वाकडी उभी होती. तिच्यात कोणी झोपायला गेलं नाही. माजघरात जमिनीवर दोन गाद्या घातल्या होत्या, एकीला एक लावून, आणि दोघी बहिणी दिवे मालवल्यावरही बोलत होत्या. कालवण कशाचं केलं, इथपासून.